कलेजीचा डोस

लग्न चार महिन्यांवर आलं होतं आणि माझ्या गालांवर पुटकुळ्यांनी मुक्काम ठोकला होता. फोटोंत चेहरा नितळ दिसावा आणि अंबाडा भरगच्च, एवढीच माझी मागणी होती. भाईंदर पूर्वेच्या स्किनच्या डॉक्टरीणबाईंनी गोळी दिली. म्हणाल्या, ही व्हिटॅमिन एचंच रूप आहे; त्वचेने आणि केसांच्या मुळांनी कसं वाढायचं, ते व्हिटॅमिन ए ठरवतं.

सोबत आलेल्या आईने हे ऐकलं आणि तिथेच घात झाला. आई रत्नागिरीची. गोळीत जे असतं ते मासळीत जास्त असतं, अशी तिची पक्की समजूत. उत्तनची मासेवाली मावशी सोसायटीच्या गेटपाशी बसते, तिला तिने विचारलं.

"मुशीची कलेजी हाय ना, बाय. केसांना याच्यापरीस दुसरं काय न्हाय."

तेव्हापासून मला रोज मुशीची, म्हणजे छोट्या शार्कची, कलेजी. एकदा तर उपम्यात. ओठ सोलायला लागले तेव्हा आई म्हणाली, "जुनी कातडी जातेय." मग केस गळायला लागले. आईने डोस वाढवला. आणखी गळले, आणखी वाढवला. शेजारच्या गुजराती आंटी रोज गाजराचा रस आणून द्यायच्या. माझे तळहात पिवळे पडले, तर आई म्हणते, "हळद आत्ताच चढली बघ."

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी माझ्या केसांची उरलेली शेपटी पाहून विचारलं, "गोळीशिवाय काय काय खाताय?" मी सांगत गेले आणि त्यांनी पेन खाली ठेवलं. व्हिटॅमिन ए कमी पडलं तरी केस गळतात आणि जास्त झालं तरी गळतात. कलेजीत तर ते ठासून भरलेलं. केस परत येतील, पण लग्नाआधी नाही.

घरी येऊन मी आईला वाट्टेल ते बोलले. उरलेली कलेजी तिने खालच्या मांजरांना घातली. रात्री जेवली नाही. मला त्याचंही काही वाटलं नाही, इतकी मी चिडले होते.

लग्नाच्या आदल्या दिवशी ती आयुष्यात पहिल्यांदा पार्लरमध्ये गेली. परत आली ती डोक्यावर पदर घेऊन. माझ्या हातात पिशवी दिली. आत तिची वेणी होती, दोन्ही टोकांना रबर लावलेली.

"अंबाड्यात घाल. विकतचं गंगावन नको, कुणाचं असतं कोण जाणे."

मला रडू आवरेना.

फोटोंत चेहरा नितळ आहे आणि अंबाडा निम्मा पांढरा. पार्लरवाली रंग कालवत होती, मीच लावू दिला नाही. शेजारी आई उभी आहे. पदर घसरू नये म्हणून तिने तो चार पिना लावून पक्का केलाय.