बाबांचा उजवा हात

संग्रामपुरात मी बारावीला मानसशास्त्र शिकवते. मेंदूतल्या रसायनांचा धडा मला पाठ आहे. डोपामिन कमी पडलं की काही जणांची हालचाल मंदावते, चेहरा कोरा होतो, अक्षर बारीक होत जातं. हे मी इतक्या वर्षांत इतक्यांदा फळ्यावर लिहिलंय, की लिहिताना घरच्या भाजीचा विचार करू शकते.

बाबा माझ्याजवळ राहतात. पोस्टातून निवृत्त झालेले. मागल्या वर्षी ते वळणावर स्कूटरवरून पडले, म्हणून मी किल्ली काढून घेतली. तेव्हापासून त्यांचं हसणं बंद झालं. मी काहीही सांगितलं तरी चेहरा दगडासारखा.

"किल्लीचा राग धरला का?" मी विचारलं.

"नाही."

तेही त्याच चेहऱ्यानं म्हणाले, म्हणून मी विश्वास ठेवला नाही. शर्टाच्या गुंड्या लावायला त्यांना पंधरा मिनिटं लागायची. मला उशीर व्हावा म्हणून ते मुद्दाम करतात, असं मी ठरवलं. त्यांनी लिहिलेली किराण्याची यादी दुकानदाराला वाचता येईना. शेवटी मीही बोलणं कमी केलं. महिनाभर घरात कामापुरतेच शब्द होते.

एका रविवारी एक विद्यार्थिनी प्रात्यक्षिक वहीवर सही घ्यायला घरी आली. वर्गात ती कधी तोंड उघडत नाही. बाबांनी फाटक उघडलं आणि तिच्या पुढे चालत ओसरीपर्यंत आले. सही झाल्यावरही ती उठेना.

"मॅडम, बाबायचा उजवा हात चालताना हालत नाही. तुम्ही वर्गात सांगतलं होतं ना, तसाच."

"सही झाली तुझी," मी म्हटलं. ती गेली.

मग मी बाबांना अंगणातल्या तारेवरचा टॉवेल आणायला सांगितलं आणि खिडकीत उभी राहिले. डावा हात हलत होता. उजवा अंगाला चिकटलेला होता.

अकोल्याच्या डॉक्टरांनी त्यांना चालायला लावलं, बोट अंगठ्यावर भराभर टेकवायला लावलं, चार ओळी लिहून घेतल्या. मग पार्किन्सन म्हणजे काय, हे मला सोप्या मराठीत समजावून सांगू लागले. मी मान डोलावत होते.

"हे पोरायले हेच शिकवते," बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि औषधं लिहायला घेतली.

बाहेर चहा घेताना बाबांनी विचारलं, "मंग तुले काऊन नाही समजलं?"

"मले वाटलं तुम्ही रागावले."

"मले वाटलं तू रागावली."

मी आणखी दोन चहा सांगितले.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला सांगितलं, की तिचं निरीक्षण बरोबर होतं. हे परीक्षेत येईल का, असं तिनं विचारलं. येऊ शकतं, मी म्हटलं.

गोळ्यांनी फरक पडलाय. गुंड्या आता पाच मिनिटांत होतात. चेहरा मात्र पहिल्यासारखा हलत नाही. म्हणून मी काही गमतीचं सांगितलं, की ते तोंडानं कळवतात, "हासलो बरं का मी."