बंबाच्या तोंडातला वाकडा दात

रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला कवळीबाईंनी जेवणाच्या टेबलावर पार्सल ठेवलं, कात्री हातात घेतली आणि नवऱ्याला मोबाइल धरायला सांगितलं. परदेशातून आलेलं पार्सल व्हिडिओ काढल्याशिवाय फोडायचं नाही, असा त्यांचा दंडक होता. आत काही तुटकं निघालं तर दुकानदारापुढे ठेवायला पुरावा हवा. नवरा पाण्याचे मीटर तपासायच्या नोकरीत. आठवडाभर लोकांच्या मीटरचे फोटो काढून तो वैतागलेला असे, पण रविवारचं हे काम कुरकुर न करता करी.

खोक्यातून फोम निघाला आणि फोममधून लालभडक आगीचा बंब. बाईंनी चाकं फिरवली, शिडी वरखाली केली, मग एकेक सांधा उलगडत त्या बंबाचा वीतभर उंचीचा रोबो उभा केला. सोबतच्या छोट्या पिशवीत एक जादा डोकं होतं. ‘नवीन हसरा चेहरा’ असं दुकानाच्या पानावर लिहिलेलं ते हेच. बाईंनी ते चिमटीत धरून उजेडाकडे नेलं आणि तसंच धरून ठेवलं.

“तुटलंय का?” नवऱ्याने मोबाइलमागून विचारलं.

“नाही.”

“मग?”

“काही नाही. बंद करा ते.”

डोकं अगदी धडधाकट होतं. फक्त त्यावरचा चेहरा त्यांच्या नवऱ्याचा होता.

बाईंचं वय बावन्न. दातांच्या लॅबमध्ये सत्तावीस वर्षं कवळ्या बनवत आल्या होत्या, म्हणून गल्लीत सगळे त्यांना कवळीबाई म्हणत आणि त्यांचीही त्याला ना नव्हती. दिवसभर मेणात दात रोवायचे, प्लास्टरच्या साच्यावर वरचा जबडा खालच्यावर नीट बसतो का पाहायचं, केसभर जरी चुकलं तरी खरवडून पुन्हा करायचं, असं त्यांचं काम. भेटलेल्या माणसाचं नाव त्या दुसऱ्या दिवशी विसरत, दात मात्र वर्षानुवर्षं ध्यानात राहत.

रोबोंचं वेड त्यांना चाळिशीनंतर लागलं. लॅबच्या वरच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. रडणाऱ्या मुलांसाठी तिथे ठेवलेल्या एका रोबोचा खांदा निखळला, तो डॉक्टरांनी खाली पाठवला. बाईंनी तो कवळीच्या हिरड्यांसाठी वापरतात त्या गुलाबी मसाल्याने जोडला आणि जोडताना त्याचे सांधे पाहून थक्क झाल्या. ट्रकचा माणूस होतो, माणसाचा पुन्हा ट्रक होतो, आणि कुठे एक स्क्रू दिसत नाही! तिथून जे सुरू झालं ते थांबलं नाही. कपड्यांच्या कपाटातला एक कप्पा गेला, मग दुसरा गेला, आणि नवऱ्याचे शर्ट दाराच्या खिळ्याला लटकू लागले.

मूळ कंपनीचे जुने रोबो आता मिळत नसत, मिळाले तर किमतीमुळे हात लावायची सोय नसे. पण परदेशात काही छोटे कारखाने तेच रोबो मूळ कंपनीला न विचारता आपल्या पद्धतीने बनवत, आणि पुष्कळदा मूळपेक्षा चांगले बनवत. बाई तेच घेत. हौशी लोकांच्या ग्रुपवर नवखी माणसं त्यांना सल्ला विचारत आणि बाईही हातचं न राखता सांगत. दुकानदाराने स्वतः काढलेले फोटो मागा, सगळीकडे फिरणाऱ्या गुळगुळीत फोटोंवर जाऊ नका. आधी वाईट अभिप्राय वाचा, चांगले मागाहून. पैसे ऑनलाइन बाजाराच्या पानावरूनच भरा, म्हणजे माल हातात पडेपर्यंत ते अडकून राहतात. ‘बाहेरून भरा, स्वस्तात देतो’ म्हणणाऱ्याला हात जोडा. पार्सलवर खोटी किंमत किंवा ‘भेटवस्तू’ लिहायला सांगू नका, जकातीत अडकलं की तोंडचं पाणी पळतं. बिनपरवान्याचा माल आपल्याकडे आणायला चालतो का ते आधी बघा, स्वतःपुरता एकच घ्या, आणि अस्सल म्हणून कुणाच्या गळ्यात मारू नका. एवढं पाळलं की फसगत होत नाही, असं त्या छातीठोक सांगत. ज्याची कल्पना त्याची परवानगी नको का, असं कुणी म्हटलं तर बाई हात झटकून म्हणत, ही कारागिरी आहे, चोरी नव्हे.

आता तेच डोकं हातात धरून त्या पलंगावर बसल्या होत्या. डाव्या बाजूचा वरचा पुढचा दात शेजारच्या दातावर जरासा चढलेला. उजवी भुवई किंचित वर. तरी माणसासारखा माणूस असतो, असं मनाशी म्हणत त्यांनी भिंग काढलं. हनुवटीखाली एक बारीक ओरखडा होता. तो ओरखडा त्यांच्याच कोरणीचा होता.

दोन वर्षांपूर्वी याच बंबाचा जुना नमुना त्यांनी घेतला होता. त्याचं तोंड मख्ख होतं, आग विझवायला निघालेल्या माणसाचं वाटेचना. तेव्हा त्यांनी मेणात नवं तोंड कोरलं, चांगलं मोकळं हसणारं. हसू कुणाचं घ्यायचं याचा त्यांनी विचारही केला नव्हता, हात आपोआप चालला. शेवटी कोरणी घसरली आणि हनुवटीला ओरखडा पडला, तो त्यांनी तसाच ठेवला. नवऱ्याला यातलं काही सांगितलं नाही. ग्रुपवर फोटो टाकला तेव्हा वाहवा झाली. ग्रुपमधल्या एका निवृत्त नकाशेकाराने, ज्यांना सगळे नकाशेकाका म्हणत, आपल्यापुरतं एक थ्रीडी प्रिंटरवर छापून घ्यायला त्याची फाइल मागितली. बाईंनी मालकांना विचारून लॅबच्या स्कॅनरवर ते डोकं स्कॅन केलं आणि फाइल काकांना पाठवली.

त्यांनी दुकानाचं पान उघडलं. बंब तेराशेंच्या वर विकला गेला होता. वाईट अभिप्राय आधी वाचायची सवय. पहिल्याच माणसाने दोन तारे देऊन लिहिलं होतं, बाकी छान, पण एक दात वाकडा आहे, साचा सदोष. बाईंच्या अंगाची लाही झाली. त्यांनी तिथल्या तिथे दुकानदाराला लिहिलं, हा चेहरा मी कोरलेला आहे, तुम्ही मला विचारलं नाही.

तासाभरात उत्तर आलं. मोबाइलने त्याचं भाषांतर करून दाखवलं: “प्रिय मित्रा, तुझे काम फार सुंदर आहे. या रोबोच्या मालक कंपनीची परवानगी तुझ्याकडे आहे का? आमच्याकडेही नाही. माल आवडला नसेल तर पंधरा दिवसांत परत कर, पूर्ण पैसे मिळतील.”

बाईंनी ते तीनदा वाचलं. त्यात एकही शब्द उद्धट नव्हता आणि एकही खोटा नव्हता, आणि त्यामुळेच कानशिलात बसल्यासारखं झालं. बाजाराकडे तक्रार करायचा अर्जही त्यांनी उघडून पाहिला. मूळ हक्काचा पुरावा जोडा, असं पहिल्याच ओळीत होतं. अर्ज त्यांनी मिटला.

मग काकांना फोन लावला. काकांना ऐकून आनंदच झाला. कुणीकुणी फाइल मागत गेलं, मी देत गेलो, एक पैसा घेतला नाही, असं ते कौतुकाने सांगत होते. इतकी चांगली वस्तू एकट्याने दाबून काय ठेवायची? बाईंना भांडायचं होतं, पण हे वाक्य त्यांनी स्वतःच ग्रुपवर कितीदा म्हटलं होतं.

“काका,” त्या एवढंच म्हणाल्या, “तो चेहरा माझ्या नवऱ्याचा आहे.”

काका पडेल आवाजात म्हणाले, “अरे देवा. मला वाटलं, नुसताच चेहरा आहे.”

नवऱ्याला कसं सांगावं या विवंचनेत दुपार गेली, आणि चहाच्या वेळेला नणंद टपकली. ती धाकटी, तोंडाने फटकळ, आल्या आल्या घरातल्या प्रत्येक वस्तूला हात लावणारी. टेबलावरच्या बंबाला तिने उचललं. बाईंनी ते डोकं बसवून पाहिलं होतं आणि घाईत तसंच राहिलं होतं.

“दादा,” नणंद म्हणाली, “हा तुझ्यासारखा का हसतोय?”

नवऱ्याने हसून बंब घेतला, मग चष्मा लावला आणि हसणं थांबवलं. तो उठून न्हाणीघरातल्या आरशापुढे गेला. दार उघडंच होतं. दोघींना तो ओठ वर करून दात बघताना दिसला. लग्नाच्या फोटोतही तोंड मिटून हसलेला माणूस तो, त्या दातापायी. परत आला तेव्हा चेहरा उतरला होता. बाईंनी सगळं सांगून टाकलं, मेणापासून काकांपर्यंत.

“किती विकले गेले?” त्याने विचारलं.

“तेराशे.”

“म्हणजे तेराशे घरांत.” त्याने बंब खाली ठेवला. मग म्हणाला, “पण मी असा हसलो कधी?”

“बदली रद्द झाल्याचं कळलं त्या दिवशी. दारात उभे होतात.”

“त्याला अकरा वर्षं झाली.”

“हो,” बाई म्हणाल्या, “चुकलंच माझं. तुम्हाला विचारायला हवं होतं.”

दोन दिवस घरात कामापुरतं बोलणं चाललं. तिसऱ्या दिवशी बाईंनी बंब परत पाठवायला खोकं काढलं, तर त्याने ते रिकामंच उचलून माळ्यावर टाकलं. बाई समजल्या आणि पुढे काही बोलल्या नाहीत.

महिन्याभराने बाईंनी पुन्हा ते पान पाहिलं. चेहरा काढून टाकला असेल, अशी कुठेतरी आशा होती. चेहरा होता. पण खाली ‘सुधारित आवृत्ती’ असं लिहून नवा फोटो टाकला होता: दोन्ही दात सरळ, एका ओळीत, हनुवटी गुळगुळीत. गिऱ्हाइकांची तक्रार कारखान्याने मनावर घेतली होती. बाईंना पहिल्या दिवशी बसला नव्हता एवढा धक्का आता बसला. सत्तावीस वर्षं लोकांचे दात सरळ बसवणाऱ्या बाईंना ते सरळ दात बघवेनात.

त्या आवृत्तीखाली वाईट अभिप्राय एकच होता, एका ताऱ्याचा, आणि तो त्यांच्याच भाषेत लिहिलेला होता. त्या परक्या लिपीच्या गर्दीत ती अक्षरं ओळखायलाच त्यांना क्षणभर वेळ लागला. लिहिलं होतं: “आधीचा दात बरोबर होता. हा माणूस कोण आहे, कळत नाही.”

त्यांच्याच खात्यावरून टाकलेला होता तो. पार्सलांच्या व्हिडिओंसाठी मोबाइल नवऱ्याच्या हाती असायचा, खातं उघडंच असायचं.

जेवताना बाईंनी विचारलं, तेव्हा त्याने ताटातून मान वर केली नाही. “खरं ते लिहिलं,” म्हणाला, आणि आमटी वाढायला वाटी पुढे केली. बाईंनी ती भरली, जरा जास्तच भरली, आणि सांडली ती पुसली.

त्या दुकानातून बाईंनी पुन्हा काही घेतलं नाही. इतर दुकानांतून अजून घेतात. ग्रुपवर कुणी विचारलं तर सल्ला देतात, पण ‘कारागिरी आहे, चोरी नव्हे’ हे वाक्य कुणी त्यांच्या तोंडून परत ऐकलेलं नाही.