कपाटातला इतिहास

दसऱ्याच्या सुट्टीआधी आमच्या तालुक्याच्या कॉलेजात सरस्वतीपूजन झालं. ग्रंथालयात गेले, तर इतिहासाच्या कपाटाला झेंडूची माळ, काचेवर हळदकुंकवाची बोटं आणि कडीला कुलूप. मुलं मार्गी लागल्यावर मी इथे बी.ए.ला नाव घातलं. पुढे विद्यापीठात एम.ए. करायचंय. तिथल्या प्रवेशपरीक्षेसाठी लागणारं जाडजूड पुस्तक त्या काचेआड होतं, आणि वाचायला निवांत वेळ मिळणार तो याच सुट्टीत.

"काकू, पूजेतली पुस्तकं हलवत नाहीत," ग्रंथपाल म्हणाले.

"आणि गेल्या आठवड्यात?"

"तेव्हा साफसफाई होती. तुम्ही गाईड वाचा ना, सगळे त्यावरच पास होतात."

नुसतं पास व्हायला मी सकाळचा स्वयंपाक उरकून एसटी पकडत नाही. आपलं हे नेहमीचंच. गडाला हार घालायचा, पूर्वजांना हार घालायचा, पुस्तकालाही घालायचा. एकदा हात जोडले की हात लावायला नको.

मी चपला काढल्या, कपाटाला रीतसर नमस्कार केला आणि त्यांच्यापुढे हात पसरला.

"द्या किल्ली. प्रसाद घेतल्याशिवाय जाऊ नये म्हणतात."

ते हसले, किल्ली दिली. कुलूप मात्र हलेना. शेवटी समईतलं तेल घालावं लागलं.