मी वाचून दाखवलेला कागद

आमच्या घरात बी.ए. झालेली मी पहिली, आणि हे सांगताना मला आजही संकोच वाटत नाही. कॉलेजात मराठीच्या तासाला एक जुनी कथा होती. त्यातली सून बोलायचीच बंद होते आणि घरातले तिला तिच्याच भल्यासाठी माडीवर कोंडून ठेवतात. ‘तिच्या आजारापेक्षा घरातल्यांचं शहाणपण जास्त घातक आहे,’ असं मी उत्तरात लिहिलं. सरांनी ते वर्गात वाचून दाखवलं. त्या दिवशी एसटीत गावापर्यंत उभी होते, पण पाय दुखले नाहीत.

घरी आले तर आई वहिनीवर ओरडत होती. दुसऱ्या मुलीच्या बाळंतपणापासून वहिनी गप्प झाली होती. म्हशीच्या धारेला बसायची आणि मध्येच हात थांबायचे. रेडकू सगळं दूध पिऊन जायचं, ही बघत राहायची.

“सोंगं हाईत सगळी,” आई म्हणाली. “आमास्नी न्हवती व्हय पोरं?”

“आई, आजार हाय त्यो. डॉक्टरला दावा.”

“आली बघा शाणी!” दादा हसला.

मी हटूनच बसले. शेवटी दादा वहिनीला कोल्हापुरात डोक्याच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. गोळ्या मिळाल्या, कागद मिळाला. मला वाटलं, जिंकले.

गोळ्या महिनाभरही चालल्या नाहीत. कागद मात्र दादानं ट्रंकेत जपून ठेवला.

मग त्यानंच कोडोलीहून वहिनीच्या वडिलांना बोलावून घेतलं. ते आणि त्यांचा भाऊ बाहेरच्या सोप्यात बसले. दादानं कागद पुढं टाकला.

“पावणं, येडी पोरगी गळ्यात बांधलीसा. डॉक्टरनंच लिवलंय, बघा.”

कागद इंग्रजीत. हातोहात फिरला, कुणालाच वाचता येईना.

“हिला द्या की,” वहिनीचा चुलता म्हणाला. “शिकल्याली हाय न्हवं घरात?”

वहिनी दारात उभी होती, धाकटी काखेत. कथेतल्या त्या घरात शिकलेलं कुणीच नव्हतं, म्हणून मला लिहिणं सोपं गेलं होतं. मी कागद घेतला. खरं सांगायचं तर मला वाचता येतं हे दाखवायचंही होतं. बाळंतपणानंतरचं नैराश्य, सहा महिने औषध, असं मी मराठीत करून सांगितलं.

“म्हंजे येडच की.”

“येड न्हवं दादा, गोळ्या घेटल्या की...”

“डोस्क्याचा आजार हाय का न्हाय, तेवढंच सांग.”

“हाय.”

पुढचं माझं कुणी ऐकलं नाही. वहिनीला माहेरी न्या, बरी झाली की आणून सोडा, असं ठरलं, आणि बरी झाली का हे दादा ठरवणार. धाकटी वहिनीबरोबर जाणार, थोरली इथंच राहणार. वहिनीला कुणी विचारलं नाही. मीही नाही.

वहिनीच्या वडिलांनी कागद मागितला, दादा देईना. मी वहीच्या पानावर गोळ्यांची नावं मराठीत लिहून दिली. त्यांनी पानाची घडी घालून खिशात ठेवली.

“पोरी, ह्या आमच्या कोडोलीत मिळत्यात व्हय?”

मला माहीत नव्हतं.