सोनलचे राक्षस

सोनल गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या पाण्याच्या टाकीवर उभी होते. मोलगीकडच्या आमच्या शाळेत मोबाइलला रेंज मिळते ती तिथेच, टाकीच्या वरच्या पायरीवर. फोन तिच्या धाकट्या भावाचा, हेमंतचा. तो पुण्याला नोकरी करतो, पण त्या दिवशी सुरतेच्या दवाखान्यातून बोलत होता. "भारतीताई, तुम्ही नंदुरबारला या," एवढंच म्हणाला. मी विचारलं, "कशी आहे ती?" त्याने पुन्हा तेच सांगितलं... मग मीच फोन ठेवला. साध्या तापाने सुरुवात झाली होती, मग कावीळ, मग सुरत. माझ्याच वयाची होती, माझ्याच वर्गातली. मुख्याध्यापकांना सांगितलं आणि मिळाली ती जीप धरली. घाट उतरेपर्यंत मी रडले नाही. जीपमध्ये शेजारी बसलेल्या बाईने बाजारातून घेतलेला आरसा मांडीवर धरला होता, त्यात माझंच तोंड दिसत होतं आणि मला त्याच्याकडे बघायचं नव्हतं.

सोनलच्या घरी पुढच्या खोलीत काचेचं कपाट आहे. लोकांच्या घरी अशा कपाटात कपबश्या आणि पोरांची बक्षिसं असतात. तिथे सोनलचे राक्षस होते. अंगठ्याएवढे सगळे. हिरव्या कातडीचे सुळेवाले राक्षस, कुऱ्हाड घेतलेले बुटके, लांब दाढीचा जादूगार, धनुष्य ताणलेल्या बाया आणि वरच्या फळीवर पंख पसरून बसलेला एक ड्रॅगन. परदेशात टेबलावर मांडून खेळायच्या एका खेळाच्या ह्या सोंगट्या. प्लॅस्टिकच्या, नुसत्या करड्या रंगाच्या येतात, रंगवायच्या आपण. त्या कपाटातली प्रत्येक सोंगटी सोनलने आणि मी रविवारी रविवारी बसून रंगवलेली आहे.

दहावा तापीकाठच्या प्रकाशा गावी करायचा होता. आदल्या दिवशी मावशी, म्हणजे सोनलची आई, त्या कपाटासमोर बसून होत्या. मला म्हणाल्या, "भारती, ह्या बी तिन्हासंगे जावोत. उद्या प्रकाशाले तापीमा सोडी देऊत."

"मावशी, प्लॅस्टिक आहे ते. विरघळायचं नाही."

"तू शिकेल शे, तुले सर्वं म्हाईत. पन त्यासना डोया उघडेल शेत. देख ना, सर्वा मन्हाकडेच देखतंस. डोया कोनी देल शेत? मन्ही पोरनी. ती गयी, आते मी कसा ठेवू त्यासले घरमा?"

नंदुरबारात गणपतीचे कारखाने आहेत. सोनलचं घर त्यांतल्याच एकाच्या मागे. डोळे आखले की मूर्ती उघडते, मग ती अशीतशी ठेवायची नसते, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मावशींचं म्हणणं आपल्या जागी बरोबर होतं. पण भिंतीवर हार घातलेल्या फोटोत जेवढी सोनल होती, त्याहून जास्त त्या कपाटात होती, आणि ती नदीत सोडायला मी तयार नव्हते. हेमंतने मधला मार्ग काढला, "महिन्याच्या दिवशी मी परत येतोय. तेव्हा ठरवू." मावशींनी कपाटावर जुनी साडी टाकून ठेवली.

आमच्या पाड्यात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. हे मी जिथेतिथे सांगते, इथेही सांगते. घरी आम्ही पावरी बोलतो. मराठी मी शाळेत शिकले, त्यामुळे नंदुरबारच्या कॉलेजात आले तेव्हा धड्यातल्यासारखी बोलायचे आणि वर्ग हसायचा. सोनल हसली नाही. माझ्या बाकावर येऊन बसली आणि म्हणाली, "तू पुस्तकना मायेक बोलस. परीक्षामा मी तुन्हाच बाजूले बठसू." तेव्हापासून आमची मैत्री. पुढे मी शिक्षिका झाले, ती कोर्स करून नवापूरला एका लॅबमध्ये रक्त-लघवी तपासायला लागली. मी सुट्टीला खाली उतरले की मुक्काम तिच्याकडे.

तो डबा हेमंतने आणला. पुण्यातला त्याचा कुणी मित्र परदेशी निघाला होता, त्याने जाताना गळ्यात मारला. हेमंतला वेळ नव्हता. डबा माळ्यावर जायचा, पण सोनलने उघडला. आत त्या करड्या सोंगट्या, बऱ्याच तोंडांचे फासे आणि जाडजूड इंग्रजी पुस्तक. पहिल्या रविवारी आम्ही रंग शोधले तर घरात होता पोळ्याला उरलेला, बैलांच्या शिंगांचा ऑइलपेंट. एका बुटक्याला तोच फासला. वाळल्यावर बघितलं तर नाक नाही, डोळे नाहीत, दाढी नाही. भज्याच्या पिठात बुडवून काढल्यासारखा गोळा. मावशी स्वयंपाकघरातून डोकावून म्हणाल्या, "हाऊ कोन व? तुन्हा सासराना माणूस शे का?" सोनलचं तेव्हा लग्न झालेलं नव्हतं आणि पुढेही झालं नाही. त्यावरून तिला कुणी बोललेलं मला चालायचं नाही, पण मावशींचे टोमणे तिला आवडायचे.

मग तिने मोबाइलवर व्हिडिओ बघितले, सुरतेहून पाण्यात मिसळणारे रंग आणि बारीक ब्रश मागवले, आणि आमची रीत बसली. व्हिडिओतल्या इंग्रजी नावांशी आमचं जमेना, म्हणून आम्ही आमची नावं ठेवली. आधी आंघोळ, म्हणजे साबणाच्या पाण्यात जुन्या टूथब्रशने घासणं, कारण साच्याचं तेल राहिलं तर रंग धरत नाही. मग अस्तर, एक पातळ सपाट हात. मग सदरा, म्हणजे ज्याला जो रंग द्यायचा तो. त्यानंतर घाम. काळपट रंग पाण्यासारखा पातळ करून वरून सोडायचा, तो आपोआप खाचांत, सुरकुत्यांत, कपड्यांच्या चुण्यांत उतरून बसतो. हे नाव माझं. लहानपणी आईबरोबर गुजरातेत ऊसतोडीला जायचे, तेव्हा दुपारी आईच्या पोलक्याची पाठ अगदी तशी व्हायची, खाचेत गडद आणि खांद्यावर विटकी. सोनलला सांगितलं तर ती म्हणाली, "मंग याले घामच म्हनूत." आणि घामानंतर ऊन. ब्रशला रंग लावायचा, फडक्याला पुसून जवळजवळ कोरडा करायचा आणि उंचवट्यांवरून हलकेच फिरवायचा... नाक, खांदे, कुऱ्हाडीची धार तेवढी उजळते. हात किती हलका असावा हे सांगता येत नाही. सोनल म्हणायची, मांजरीला कळू न देता तिच्या मिशांना हात लावल्यासारखा. ऊन नक्की कुठे पडतं ह्यावर आमचा वाद झाला की ती सोंगटी घेऊन भर दुपारी गच्चीवर जायची, हात वर करून उभी राहायची आणि तिथून ओरडायची, "मास्तरीन, ढुंगनवर बी पडस ऊन! लाव!" समोरच्या गच्चीवर पापड वाळत घालणारी बाई ऐकतच राही.

डब्यावरच्या चित्रात सगळे गोरेपान होते. सोनलला ते पटलं नाही. "इतला उन्हमा लढाया करतंस नि गोरा कसा ऱ्हातंस?" म्हणाली आणि सगळ्यांना आपला रंग दिला. धनुष्यवाल्या बायांना माझ्या बहिणीचा. त्यांच्या गळ्यात मी चांदीच्या रंगाने आमच्याकडचे दागिने काढले. एकीने बाण चुकीचा धरला होता, तो मला कायम खटकायचा. माझ्या बापाने आयुष्यभर धनुष्य हाताळलं, मला कळतं. सोनल म्हणे, "तुन्हा बापले सांग इसन शिकाडाले." सोंगट्यांच्या पायाखालच्या गोल चकतीवर डिंक लावून माती पसरायचो, तीही मी मोलगीहून पुडीत आणायचे. त्यामुळे ते परदेशी राक्षस सगळे सातपुड्याच्या लाल मातीत उभे आहेत.

भांडण व्हायचं ते डोळ्यांवरून. व्हिडिओतली माणसं डोळे आधी काढतात. चुकलं तर चेहऱ्याचा रंग लावून पुन्हा करता येतं. शहाणपणाचं आहे, आणि मी तेच म्हणायचे. सोनल ऐकायची नाही. लहानपणापासून घरापुढच्या गणपतीच्या कारखान्यात तिने बघितलं होतं, डोळे शेवटी. सगळं पूर्ण झाल्यावर, हात धुऊन, कुणाशी न बोलता. आंघोळ, सदरा, घाम, ऊन सगळं झालेल्या, सुकलेल्या चेहऱ्यावर ती श्वास धरून ठिपका ठेवायची आणि कधी कधी हात सरकायचा. चार रविवारांचं काम एका ठिपक्यात तिरळं! मी चिडायचे. "आधी काढले असते तर?" ती म्हणायची, "आधी डोया देनात तर तो देखत बठी ना, मी त्याले कसा रंगाडस ते. मले लाज वाटी." लॅबमध्ये दिवसभर दुसऱ्यांच्या रक्ताच्या काचा बघणारी मुलगी, तिला अंगठ्याएवढ्या राक्षसाची लाज वाटायची. तिरळे झालेले तिने पुसले नाहीत. म्हणायची, गावात सगळ्यांचे डोळे सरळ आहेत का?

शेजारणी मावशींना विचारायच्या, एवढी कमावती पोर बाहुल्यांशी काय खेळते? मावशी पोरीच्या तोंडावर तिला टोचायच्या, "लोकेसन्या पोरी पोरं खेयाडतीस, नि मन्ही पोर राकसेसले आंघोय घालस." पण शेजारणींना उत्तर वेगळं असायचं, "ते कलानं काम शे, तुमले नही समजाव." आणि पाहुणा आला की चहाच्या आधी कपाट दाखवायच्या.

महिन्याच्या दिवशी पाहुणे गेल्यावर आम्ही तिघंच उरलो, मावशी, हेमंत आणि मी. मी घरून ठरवून आले होते की भांडायचं. मावशींनी कपाटावरची साडी काढली आणि मला विचारलं, "ह्या देव शेत का?"

"नाही मावशी."

"मंग बाहुल्या?"

"खेळाच्या सोंगट्या आहेत. सारीपाटाला असतात तशा."

"मंग कसा खेयतंस ते दखाड. तुम्ही दोन्ही खेयतच व्हतीत ना?"

आता खरं सांगायला हवं होतं. आम्ही तो खेळ कधी खेळलोच नव्हतो. नियमांचं पुस्तक मी वाचायला घेतलं होतं, माझं बी.ए. इंग्रजीतलं, पण चौथ्या पानावर मला झोप लागली आणि सोनल म्हणाली होती, रंगवून तर होऊ दे सगळे, मग खेळू. एक संपला की दुसरा हातात घ्यायचा. सगळे रंगवून कधी झालेच नाहीत...

"नाही खेळलो, मावशी," मी म्हणाले.

मावशींनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतायत, पण त्या हसत होत्या. सोनल गेल्यापासून पहिल्यांदा. "इतला वरीस रंगाडं, नि खेयन्याच नहीत? येड्या पोरी!" हसता हसता डोळे पुसले आणि उठून कपाटाची काच सरकवली. "डोया उघाडाना नि कोंडी ठेवाना, हाई कोठली रीत? त्यासले काही काम नको का? हेमंत, ते पुस्तक काढ. आधी खेयूत. तापीनं मंग देखूत."

मला तेव्हा कळलं की त्यांना त्या नजरा नकोशा नव्हत्या. नुसतं बघत बसलेल्या नजरेला काय उत्तर द्यावं, ते त्यांना सुचत नव्हतं.

हेमंतने मोबाइलवर सोपे नियम शोधले. जेवणाच्या टेबलावर आम्ही पेल्यांचे डोंगर केले, ओढणीची नदी केली. मावशींनी सगळ्यांत जाडा राक्षस आपला म्हणून घेतला आणि फासा असा आपटला की तो सोफ्याखाली गेला. माझ्या धनुष्यवालीने हेमंतचा बुटका पाडला. मग हेमंतच्या जादूगाराने मावशींचा राक्षस मारला, आणि नियमाप्रमाणे त्याने तो टेबलावर आडवा केला.

मावशींचा हात लगेच पुढे आला. त्यांनी राक्षस उचलून उभा केला.

"आई, मेला तो. रूल आहे."

"ऱ्हाऊ दे तुन्हा रूल. मन्हा घरमा कोनी आडवं ठेवानं नही."

हेमंत माझ्याकडे बघायला लागला. मी फासा त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, "चाल, तुझा डाव."

तापीचा विषय त्यानंतर निघालेला नाही. मी खाली उतरते त्या रविवारी आम्ही खेळतो. हेमंत पुण्याहून व्हिडिओ कॉलवर असतो, त्याच्या सोंगट्या मी हलवते. तो कुरकुर करतो की असं खेळून कुणी जिंकणारच नाही. खरं आहे, अजून कुणी जिंकलेलं नाही. पडलेली सोंगटी मावशी उचलतात, पदराने पुसतात आणि आपल्या चहाच्या कपाशेजारी उभी करतात.

"बठू दे त्याले जराखा," म्हणतात. "येई मंग."