बाबांच्या मुठीतलं टोकन

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी कायम टर उडवत आले. अबू धाबीत अल रीम आयलंडवर, जिथे लिफ्टसुद्धा कार्डाशिवाय हलत नाही अशा टॉवरमध्ये राहते मी... इथे कुठलं भूत येणार? पण गेल्या हिवाळ्यातलं ते लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझे बाबा विदर्भातल्या एका छोट्या नॅरोगेज स्टेशनचे शेवटचे स्टेशनमास्तर. आता तिथे रूळही नाहीत. ते आमच्याकडे आले होते, आणि शुक्रवारी दुपारी माझी लेक रिया शाळेच्या प्रेझेंटेशनसाठी त्यांना विचारत बसली, "व्हाय डिड इट क्लोज, आजोबा?" आम्हाला कधीच न सांगितलेलं बाबा तिला सांगायला लागले.

टोकन म्हणजे कड्याला अडकवलेला लोखंडी गोळा. तो ड्रायव्हरच्या हातात पडल्याशिवाय गाडी सोडायची नाही, हा नियम. लाइन बंद पडली त्या दिवशी बाबांनी यंत्रातून टोकन काढलं आणि पुढच्या पुलाला पुराचं पाणी टेकल्याचा फोन आला. बाबांनी गाडी अडवली. ताटकळलेले प्रवासी भडकले, पहारी घेऊन ऑफिसात घुसले. मार खाता खाता बाबांच्या हातून टोकन सुटलं. रुळांचे सांधे बदलणाऱ्या पॉइंट्समन सुखदेवने ते झडप घालून उचललं, पोटाशी धरलं आणि जमिनीवर पालथा पडला. लोकांनी त्याला जीव जाईपर्यंत ठेचलं. संध्याकाळी पूल वाहून गेला. लाइन पुन्हा सुरू झालीच नाही.

"त्याने धरलं. मी सोडलं होतं," बाबा म्हणाले.

तेवढ्यात आमच्या दारावर धाडकन घाव बसला. मग दुसरा, तिसरा. डोअर कॅमेऱ्यात कॉरिडॉर रिकामा! रियाला बाथरूममध्ये ढकलून मी वळले तर बाबा जमिनीवर पालथे, हात पोटाशी आवळलेले. जवळ कोणी नाही — आणि त्यांचं अंग प्रत्येक घावाला उसळत होतं. तोंडातून रक्त. मी त्यांच्या अंगावर आडवी पडले. माझ्या पाठीत असा दणका बसला की श्वासच अडकला. मग एकदम खलास... सगळं शांत.

हॉस्पिटलमध्ये कळलं, बाबांचे दोन्ही हात आणि बरगड्या मोडल्यात. डॉक्टरांनी सरळ विचारलं, कोणी मारलं? पोलिसांनी माझ्या नवऱ्याला बसवून ठेवलं. तो तेव्हा दुबई मरीनातल्या ऑफिसात होता म्हणून सुटला. बिल्डिंगच्या फुटेजमध्ये कोणी नव्हतं. दारावर ओरखडाही नव्हता.

वसईची नर्स म्हणाली, "ताई, हे मूठ उघडूच देत नाहीत."

मी बाबांच्या कानाशी वाकले. "बाबा, कोणी नाही आता. सोडा."

"पूल गेला का?"

"गेला."

तेव्हा कुठे त्यांनी मूठ उघडली. रिकामी होती. "या वेळी मी धरलं गं," म्हणाले, आणि हुंदके देऊन रडले.

माझ्या पाठीवर पहारीएवढा रुंद वळ आहे. डॉक्टर विचारतात, कशाचा?