मेलेल्या पेशी कुणी मोजायच्या

"मेंढरं मोजत मोजत इथवर आलीस. आता पेशी मोजायला मला शिकवतेस?"

सर हे भर प्रयोगशाळेत बोलले. सगळे हसले. माझ्या हातात काचपट्टी होती. बीडच्या एका कॉलेजात मी एमएस्सीला होते. पाटोद्याकडची, धनगराची पोर. हे सर विसरत नव्हते आणि मलाही विसरू देत नव्हते.

माझा गुन्हा काय? मी एवढंच म्हणाले होते, "सर, मेलेल्या पेशी हिशोबात धरायला हव्यात."

कपाशीवर मारायचं एक औषध आम्ही नर उंदरांना देत होतो. त्यांच्या बीजपेशींत, म्हणजे ज्यांतून पुढची पिढी होते त्या पेशींत, किती बिघाड होतात ते मोजायचं. थोड्या औषधाला बिघाड दिसले. जास्त दिलं, आणखी दिसले. सगळ्यात जास्त दिलं आणि बिघाड एकदम कमी. सर खूश. "बघा, औषध काही करत नाही. आधीचे योगायोग. लिहा, सुरक्षित."

सुरक्षित! उंदरांची वृषणं मी स्वतः कापून पाहिली होती. ज्या नळ्यांत पेशी दाटीनं असायच्या, त्या नळ्या ओस पडल्या होत्या. बिघडलेल्या पेशी मरून गेल्या होत्या. उरल्या त्या धडधाकट. त्यांच्यात बिघाड कुठून दिसणार?

आमच्याकडे कळपात रोग शिरला की आबा आधी मेलेली मेंढरं किती ते विचारतात, मग लंगडणारी. एकदा चुलती आनंदानं म्हणाली, आज लंगडी कमीच हायेत. आबा भडकले. "कमी कामून हायेत? मेली म्हणून कमी हायेत. रोग न्हाई गेला, मेंढरं गेली." एवढं साधं. पण प्रयोगशाळेत ते बोलायचं नाही.

माझ्या प्रबंधाच्या सादरीकरणाला बाहेरचे परीक्षक आले. रिकाम्या नळ्यांचं चित्र सरांनी काढून टाकलं होतं. शेवटची ओळ त्यांनीच लिहून दिलेली. औषध सुरक्षित आहे.

माझी बहीण उमापुरात दिली आहे. तिच्या घरची माणसं हेच औषध पाठीवर पंप बांधून मारतात. मेव्हण्याचा शर्ट औषधानं भिजतो, तो शर्ट बहीण हातानं धुते. तिला अजून मूल व्हायचं आहे. त्या ओळीवर माझं नाव जाणार होतं.

"हे मी वाचणार नाही," मी म्हणाले. "पेशी मेल्यात. मेलेल्या वगळून औषध सुरक्षित ठरवलंय."

सर उठले. "खाली बस. पदवी हवी ना?"

"हवी. पण हे वाचून नको."

परीक्षकांनी चहाचा कप उचलला. एकानंही प्रश्न विचारला नाही. प्रयोगशाळेतलं ते हसणं परवडलं असतं, ही चहा पिणारी शांतता मला अजून जाळते.

मला नापास केलं. वर्ष गेलं. आई रडली. "लई शिकलीस, आता बस कर." मला रडू आलं नाही. राग आला. तो अजून उतरलेला नाही आणि मला तो उतरवायचाही नाही.

पुढच्या वर्षी मी त्याच टेबलाशी बसणार आहे. प्रयोगाला तेच औषध घेणार आहे. जिवंत पेशी मोजेन, मेलेल्याही मोजेन. दोन्ही आकडे एकाच पानावर लिहीन आणि खाली माझी सही करीन. मग करा परत नापास.